आमचा इतिहास शिकायला बंदी कशाला?

ऐरोलीच्या बाबासाहेबांच्या स्मारकात अभ्यासाला बसणारी आमची मुले आता युरोपात जाऊन कलेचा इतिहास शिकायचे म्हणतात. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २०२२ साली एक अट घुसडली गेली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक संशोधन या विषयांना शिष्यवृत्ती नाही.

म्हणजे आमच्या मुलीने पॅरिसला फ्रेंच चित्रे अभ्यासली तर या अटीची हरकत नाही. अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पे अभ्यासायची म्हटली की दार बंद! हे विषय इथेच शिकता येतात, असे समर्थन केले जाते. अहो, त्यातली कितीतरी शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इंग्रजांनी नेली. ती बघायला कुठे जायचे, बेलापूरला?

१९१३ साली बाबासाहेब सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. मे १९१६ मध्ये तिथे त्यांनी निबंध वाचला, तो भारतातील जातिसंस्थेवर. ही अट तेव्हा असती तर? बडोद्याच्या राजाने विश्वास दाखवला. प्रजासत्ताकाचे सामाजिक न्याय मंत्रालय मात्र आमच्या मुलांना विषय आखून देते. ही अट रद्द झालीच पाहिजे, आणि पुढचे अर्ज सुटण्याआधी.