वाढदिवस लेकराचा, वाटी आईची

वाढदिवस म्हटला की आता शहर असो की खेडे, केक हा आलाच. केकवर मेणबत्त्या लावण्याची पद्धत जर्मनीतली. तेथील काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या १७४६ सालच्या वाढदिवशी एका भल्यामोठ्या केकमध्ये वयाच्या प्रत्येक वर्षाची एक आणि मधोमध आणखी एक अशा मेणबत्त्या लावल्या होत्या, अशी नोंद सापडते. पुढे ही रीत जगभर पसरली. तरीही अनेक देशांनी वाढदिवसाचा आपला जुना पदार्थ सोडलेला नाही. तो पदार्थ पाहिला की त्या घरात या दिवसाकडे कसे पाहतात, ते लगेच कळते.

चीनमध्ये हा दिवस दीर्घायुष्याचा. ताटात लांबच लांब नूडल्स असतात. त्या जितक्या लांब तितके आयुष्य लांब, म्हणून शिजवताना त्या तुटू नयेत याची काळजी घेतली जाते. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी पीच फळाच्या आकाराचे, गुलाबी छटेचे गोड पाव वाफवतात, कारण पीच हे तिथे दीर्घायुष्याचे फळ मानले जाते. आफ्रिकेतील घाना देशात वाढदिवसाच्या सकाळी ‘ओटो’ करतात. कोनफळाच्या जातीचा कंद उकडून कुस्करायचा, त्यात लाल पामतेल घालायचे आणि वर उकडलेली अंडी ठेवायची. डेन्मार्कमधल्या मुलांचा थाट निराळाच. त्यांचा केक माणसाच्या आकाराचा असतो. सुरी त्याच्या गळ्यावरून फिरते आणि जमलेली बच्चेकंपनी जोरजोरात किंचाळते!

या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे ती कोरियाची रीत. तिथे वाढदिवसाच्या सकाळी ‘मियोक-गुक’ हवेच. मियोक म्हणजे खाण्याचे समुद्रशेवाळ आणि गुक म्हणजे सूप. वाळवलेले शेवाळ पाण्यात टाकले की मूठभराचे पातेलेभर होते. ते भाजलेल्या तिळांच्या तेलात परतायचे, लसूण आणि सोया सॉस घालायचा आणि मंद आचेवर उकळत ठेवायचे. बहुतेक घरांत यात गोमांस घालतात. किनाऱ्याकडे शिंपले किंवा मासळी पडते. दिसायला साधे, हिरवट रंगाचे हे सूप पांढऱ्या भाताबरोबर खातात. वाढदिवशी भेटलेला माणूस शुभेच्छा देताना “मियोक-गुक खाल्लेस ना?” असे हमखास विचारतो.

आता यातली गंमत अशी, की हा मुळात बाळंतिणीचा आहार! प्रसूतीनंतर कोरियन स्त्रीला पहिले तीन आठवडे, कधी कधी त्याहूनही अधिक दिवस, हेच सूप रोज देतात. त्यामुळे अंगातली झीज भरून निघते आणि दूध चांगले येते, असा समज आहे. शेवाळात कॅल्शियम असते आणि आयोडीन तर भरपूर. मात्र अति आयोडीनही थायरॉइडला बाधते, म्हणून त्याचा अतिरेक टाळावा, असे डॉक्टर सांगतात. पूर्वी याच सूपाचा आणि भाताचा नैवेद्य ‘सामसिन हालमोनी’ला दाखवत. ही जन्माची देवता, मुलांना सांभाळणारी आजी. आपल्याकडे पाचवीला सटवाई पुजतात, तिची आठवण व्हावी अशीच.

म्हणजे वाढदिवस मुलाचा, पण वाटीत असते आईच्या बाळंतपणाचे जेवण. ज्या दिवशी आपण जन्मलो, त्या दिवशी आईने काय सोसले आणि उठून काय खाल्ले, ते दरवर्षी जिभेला आठवावे, असा त्यामागचा भाव आहे. कोरियात पूर्वापार वय वाढायचे तेही वाढदिवशी नव्हे. नववर्षदिनी तांदळाच्या चकत्यांचे सूप खाल्ले की सगळे एकदमच एका वर्षाने मोठे होत. कायद्याने आणि सरकारी व्यवहारात वाढदिवसापासून वय मोजण्याची एकच पद्धत लागू झाली ती जून २०२३ पासून. वर्षे मोजण्याचे काम नववर्षाकडे असल्यामुळे वाढदिवस राहिला तो जन्माची आठवण ठेवण्यासाठी.

या सूपाला फक्त एका दिवशी मज्जाव असतो. शेवाळ बुळबुळीत, त्यामुळे परीक्षेच्या दिवशी ते खाल्ले तर माणूस घसरणार, असा समज आहे. तिथे ‘मियोक-गुक खाल्ले’ म्हणजे ‘नापास झाला’! महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेदिवशीच वाढदिवस आला, तर आई पातेले चढवताना दोनदा विचार करते.

नोकरीसाठी दूर राहणाऱ्यांसाठी आता तयार सूपाची पाकिटे मिळतात. लग्नानंतर नवरा बायकोसाठी, मुले आईवडिलांसाठी हे सूप करतात. करणारा हात बदलला, तरी वाटीतली आठवण तीच राहते.

आपल्याकडेही बाळंतिणीसाठी अळिवाची खीर होते, डिंकाचे लाडू होतात, पाठोपाठ बाळंतशोपा येते. पण बाळ रांगू लागले की हे सारे डबे फळीवर मागे सरकतात. वाढदिवशी औक्षण मुलाचे आणि पाटही मुलाचाच. आई तेवढी स्वयंपाकघरात. येत्या वाढदिवशी केक जरूर आणावा. मात्र त्याआधी अळिवाची खीर करावी आणि ज्याचा वाढदिवस असेल, त्याने पहिली वाटी आईच्या हाती द्यावी.