ना धड हे, ना धड ते

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. कारण विचारू नका, सबमिशन्स चालू आहेत. :)

मी सध्या नेमकं काय शिकतेय हे नातेवाईकांना समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडून दिलाय. थोरल्या मावशीला ‘इंटरनॅशनल अफेअर्समध्ये एम.ए.’ असं सांगितलं, तर ती म्हणाली, ‘या वयात कसली गं अफेअर्स?’ काकांचा प्रश्न त्यामानाने रास्त होता. ‘म्हणजे राज्यशास्त्र का?’ थोडं. ‘मग अर्थशास्त्र?’ तेही थोडं. शिवाय इतिहास, भूगोल, कायदा आणि एक परकी भाषा. ‘म्हणजे ना धड हे, ना धड ते,’ असा निकाल देऊन काकांनी पेपर उघडला.

त्या निकालाला आता नीट उत्तर द्यायला हवं, कारण पुतणीलाही हाच विषय घ्यायचाय. परदेशातल्या एका खाजगी विद्यापीठाचं पत्र आलंय, कोर्स एका वर्षाचा, आणि त्यासाठी दादाला 40 लाखांचं कर्ज काढावं लागणार आहे. तिचं म्हणणं, ‘आत्या, तू करतेयस ना, मग तूच बाबांना सांग.’ दादाचं म्हणणं, ‘तू करतेयस म्हणून विचारतोय, खरं काय ते सांग.’ फोनवर दोघांशी वेगवेगळं बोलत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते. दोघंही वाचतात.

आधी एक कबूल करून टाकू. काकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. ‘बहुविद्याशाखीय’ या भारदस्त शब्दाखाली पुष्कळदा लग्नातल्या बुफेसारखा प्रकार असतो. एका ताटात पाणीपुरी, नूडल्स, मसालेभात, जिलबी. सगळं खाल्लं, पण घरी आल्यावर पिठलं टाकायची वेळ येते. एका सत्रात जागतिक व्यापार, पुढच्यात हवामानबदल, मग दहशतवाद, मग ‘डिजिटल डिप्लोमसी’. प्रत्येकावर दोन हजार शब्दांचा निबंध लिहायचा की झालं. असा कोर्स असेल तर काकांचा पेपर वाचणं परवडलं.

मग मला हे शिक्षण का पटतं? ते सांगायला तुम्हाला किर्गिझस्तानात न्यावं लागेल. (मी अभ्यासाला मध्य आशिया घेतलाय. बँकेत 15 वर्षं काढलेल्या बाईने मध्य आशिया का घ्यावा, ते पुढे येईलच.)

किर्गिझस्तानात नारिन नदीवर तोक्तोगुल नावाचं धरण आहे. सोव्हिएत काळात, 1970च्या दशकात बांधलेलं. साठा साडेएकोणीस अब्ज घनमीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण 690 टीएमसी, म्हणजे साडेसहा कोयना! ही नारिन खाली फरगाना खोऱ्यात करा दर्याला मिळते आणि तिथून पुढे तिचं नाव सिर दर्या. पाणी अडवायचं वरच्या किर्गिझस्तानात, आणि कापूस पिकवायचा खालच्या उझबेकिस्तानात आणि कझाकस्तानात, अशी मॉस्कोने लावलेली व्यवस्था. उझबेक भाषेत कापसाला ‘ओक ओल्तिन’ म्हणतात. शब्दशः अर्थ पांढरं सोनं. विदर्भातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

कापसाला पाणी उन्हाळ्यात लागतं, म्हणून उन्हाळ्यात धरण सोडायचं. मग हिवाळ्यात डोंगरातल्या किर्गिझ लोकांनी ऊब कुठून आणायची? तर खालून कोळसा आणि गॅस यायचा. देवाणघेवाण होती, पण बिल कुणी कुणाला पाठवत नव्हतं. 1991मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि एका रात्रीत ही घरातली देवाणघेवाण परराष्ट्र व्यवहार झाली. गॅसचे पैसे मागितले जाऊ लागले. किर्गिझस्तानकडे पैसे नव्हते, पाणी होतं. त्यांनी हिवाळ्यातच धरण सोडून वीज करायला सुरुवात केली. आता गंमत बघा (खालच्यांना गंमत नव्हती). हिवाळ्यात सिर दर्या गोठलेली असते, एवढं पाणी तिच्यात मावत नाही. पूर यायचे, पाणी अर्नासाय नावाच्या सखल भागात सोडून द्यावं लागायचं, आणि उन्हाळ्यात शेतं कोरडी. एवढं पाणी वाहून गेलं, पण आटलेल्या अरल समुद्राला त्याचा फारसा उपयोग नाही.

हा प्रश्न नुसत्या अर्थशास्त्रज्ञाला द्या. तो म्हणेल, पाणी साठवून ठेवणं ही सेवा आहे, तिची किंमत ठरवा. बरोबर आहे. 1998मध्ये पाणी आणि ऊर्जेच्या अदलाबदलीचा करार झालाही होता, पण तो नीट टिकला नाही. का टिकला नाही, ते अर्थशास्त्राच्या वर्गात कळत नाही. त्यासाठी वकिलाकडे जावं लागतं. 1992च्या अल्माटी करारात सोव्हिएत काळातलेच पाणीवाटे कायम ठेवले होते, आणि वरच्या देशांना ते कायम खुपत आले. मग इतिहासाच्या वर्गात जावं. 1924पासून या सीमा आखल्या गेल्या तेव्हा त्या एका देशाच्या आतल्या सीमा होत्या, त्यांच्यावर कधी पासपोर्ट तपासला जाईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आणि भूगोलाचा माणूस म्हणेल, अहो, बर्फ कधी वितळतो ते तर बघा आधी. चौघंही खरं बोलताहेत. पण चौघांचं एकत्र ऐकल्याशिवाय, 2023च्या जानेवारीत किर्गिझस्तान, उझबेकिस्तान आणि कझाकस्तान या तिघांनी मिळून त्याच नारिनवर कंबराता-1 हे नवं धरण बांधायच्या आराखड्यावर सह्या का केल्या, हे समजत नाही. भांडणाऱ्या खालच्यांनी वरच्या धरणात भागीदार व्हायचं ठरवलं!

माझ्या मते या शिक्षणाचं मोल इथे आहे. पाच विषय येतात म्हणून नाही. एकाच धरणाकडे पाच जण बघताना कोण कुठे गप्प बसतो, ते कळायला लागतं म्हणून.

आता मध्य आशिया का, ते. आमच्या आजोबांचं गाव शिवसागरच्या पाण्याखाली आहे. कोयनेचं पाणी मूळचं कृष्णेचं, पूर्वेकडे जाणारं. वीज करायला ते सह्याद्रीतून पश्चिमेकडे कोकणात उतरवलं जातं, आणि कृष्णा लवादाने त्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घालून दिली. 1,960 मेगावॉटचा प्रकल्प आहे तो, त्याचं महत्त्व कुणी नाकारत नाही. पण पाऊस कमी झाला की वीज की शेती हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहतो. 2023 साली सांगलीसाठी पाणी सोडण्यावरून किती वाद झाला तो आठवत असेल. तोक्तोगुलबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नकाशा बघावाच लागला नाही. तिथेही धरणासाठी एक अख्खं खोरं पाण्याखाली गेलंय. फरक इतकाच की आपल्याकडे भांडणारे एकाच राज्यातले किंवा फार तर एकाच देशातले, वर निवाडा करायला लवाद. तिकडे वर कुणी नाही. ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाचा अर्थ मला तरी त्या दिवशी कळला.

बरं, आता भाषेबद्दल, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

प्रदेशांचा असा अभ्यास काही ज्ञानाच्या निखळ ओढीतून जन्माला आलेला नाही. लंडनचं ‘सोआस’ 1916मध्ये स्थापन झालं ते साम्राज्य चालवायला भाषा जाणणारी माणसं हवी होती म्हणून. जॉन्स हॉपकिन्सचं प्रसिद्ध ‘साइस’ 1943चं, ऐन महायुद्धातलं. 1957मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून विद्यापीठांतल्या परकी भाषांसाठी सरकारी पैसा ओतला. हेतू काहीही असोत, एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. ज्या प्रदेशाबद्दल बोलायचं, त्याची भाषा यायला हवी. आपल्याकडेही 1955मध्ये दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये अशी संस्था सुरू झाली. पुढे 1970मध्ये ती जेएनयूत विलीन झाली. म्हणजे परंपरा नवी नाही.

आणि तरीही आज चीनवर प्रबंध लिहिणाऱ्या कितीतरी मुलांना चिनी वर्तमानपत्राचा मथळा वाचता येत नाही. सगळं इंग्रजीतून. म्हणजे चीनकडे बघायचं तेही वॉशिंग्टनच्या खिडकीतून! आपल्या शेजाऱ्यांबद्दल तर आणखी कठीण. डिसेंबर 2023मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली ती मे 2024पर्यंत होती. लासलगावचा व्यापारी तेव्हा ढाक्यात काय चाललंय याची रोज चौकशी करत असणार. पण बांगला शिकून तिथले पेपर रोज वाचणारे अभ्यासक आपल्या विद्यापीठांत किती निघतील?

मी रशियन शिकतेय. चाळिशीनंतर सोपं नाही, पण मराठी माणसाला वाटतं तितकं अवघडही नाही. सहा विभक्ती आहेत म्हटल्यावर वर्गातली मुलं घाबरली, मी ‘स, ला, ना, ते’ घोकलेल्या पिढीतली, मला काय त्याचं! भावाला ‘ब्रात’, दाराला ‘द्वेर’. आणि ‘आय हॅव’ म्हणायला त्यांच्याकडेही आपल्यासारखंच ‘माझ्याकडे आहे’. उझबेक तर पुढची पायरी. तिथे बाजाराला ‘बोझोर’ आणि मेव्याला ‘मेवा’च म्हणतात. या वयात पहिलीतल्या मुलासारखं बोट ठेवून एकेक अक्षर वाचताना जो आनंद होतो, तो बँकेच्या कुठल्या प्रमोशनने दिला नव्हता. असो.

नोकरीचं काय, असं दादा विचारणारच. दादा, खरं सांगते. परराष्ट्र सेवेत जायचं असेल तर यूपीएससीला कुठलीही पदवी चालते, या एम.ए.ने त्यात जागा राखीव होत नाही. दिल्लीतले थिंक टँक मोजके, आणि तिथे सुरुवातीचा पगार ऐकून तू हसशील. नेट, पीएच.डी. करून शिकवायला जाता येतं, पण तो लांबचा रस्ता. वर्तमानपत्रं आहेत, आयात-निर्यातीतल्या कंपन्या आहेत, भाषा पक्की असेल तर दुभाष्याचं काम आहे. 40 लाखांचे हप्ते यातल्या कशातून लवकर फिटतील असं मला तरी दिसत नाही, आणि कर्जाची फाईल कशी वाचायची ते मला कळतं.

आणि पिल्लू, तुझ्या त्या कोर्सची माहिती मी पूर्ण वाचली. फोटो सुंदर आहेत. एका वर्षात 12 विषय आहेत, त्यात भाषा एकही नाही, आणि कुठल्या एका प्रदेशावर सलग दोन सत्रंही नाहीत. हाच तो बुफे. तुला हा विषय घ्यायचाच असेल तर माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण आधी प्रदेश ठरव. ‘जग’ हा काही प्रदेश नाही. नेपाळ घे, इराण घे, बांगलादेश घे, तुझी मर्जी. मग त्याची भाषा सहा महिने शिकून बघ. पुण्यात, मुंबईत, दिल्लीत सरकारी विद्यापीठांतून भाषांचे वर्ग चालतात, फी परवडते. सहा महिन्यांनी कंटाळा आला तर बाबांचे 40 लाख वाचले. नाही आला, तर इथल्या प्रवेशपरीक्षेला बस. दिल्लीत राहायची सोय माझ्याकडे आहे. खोली लहान आहे आणि रात्री एक बाई मोठ्याने रशियन क्रियापदं म्हणत असते, तेवढं चालवून घ्यावं लागेल.

तिथल्या पत्राला उत्तर द्यायची शेवटची तारीख 30 आहे, असं तू म्हणालीस. त्याआधी रविवारी दादाच्या फोनवरून फोन कर, दोघं एकत्र बसा.