शुक्रवारचा वास

भोसरीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये शुक्रवारी पहिल्या पाळीला जाऊन बघा. सडक्या अंड्यांचा वास दारातच गाठतो. गुरुवारी सुट्टी, सीएनसी बंद, कूलंट टाकीत पडून. स्लाइडवेचं तेल सायीसारखं वर धरतं, खाली हवा पोचत नाही आणि हवेविना जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडू लागतात. पंप चालू झाला की शेडभर दरवळ! (चाकणला तुमची सुट्टी रविवारी असेल, तर सोमवारी.)

यावरचा आपला ठरलेला इलाज म्हणजे जंतुनाशकाचा डबा टाकीत उपडा करणं. किती ओतायचं, हे नाक ठरवणार. जादा डोसाने ऑपरेटरच्या हातांना पुरळ उठू शकतं, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

त्याऐवजी डिप स्लाइड वापरा. बोटाएवढी पट्टी, तिच्यावर आगरचा थर. कूलंटमध्ये बुडवायची, निथळून नळीत बंद करायची, 30 अंशांच्या आसपास 48 तास ठेवायची. मग ठिपके उठतात, बहुधा लाल. ते एकेक मोजत बसायचं नाही. तक्त्याशी ताडून बघायचं, मिलिलिटरला हजार आहेत, लाख आहेत की कोटी.

मात्र वास मारणारे जिवाणू या पट्टीवर उगवतच नाहीत, कारण त्यांना हवा सोसत नाही. दिसतात ते त्यांच्याआधी प्राणवायू फस्त करणारे. कूलंटच्या तुषारांतून फुप्फुसांना त्रास देणारे मायकोबॅक्टेरियाही दोन दिवसांत दिसत नाहीत. म्हणून पट्टी कोरी निघाली की निर्धास्त व्हायचं, हे चालणार नाही. दर आठवड्याचा आकडा चढतोय का, हे बघायचं.

सूक्ष्मजीवांचं हे शास्त्र पिंपरीला नवं नाही. 1954 साली सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूने इथल्याच मातीतून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना वेगळा काढला आणि त्यातून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळवलं. त्याच शहरात कूलंटची तपासणी अजून नाकाने व्हावी, हे मला पटत नाही.

तेव्हा मालक मंडळी, सुट्टीआधीच्या पाळीत तरंगतं तेल काढा, टाकीत हवा खेळती ठेवा. रिफ्रॅक्टोमीटर आणि पीएचच्या नोंदीशेजारी पट्टीचा आकडाही लिहा. आणि वापरलेली पट्टी ब्लीचमध्ये बुडवल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका.