इंजिनाच्या नाकावरची पांढरी रेघ

इंदूरच्या विमानतळावर जेट विमानाचे इंजिन समोरून पाहिले, तर पंख्याच्या मधोमध एक शंकू दिसतो. पुष्कळदा त्यावर पांढरी वेटोळी रेघ असते. ती कशासाठी, असे विचारले की ‘पक्षी घाबरावेत म्हणून’ हे उत्तर हमखास येते. एका ओळीत संपणाऱ्या अशा उत्तराला पूर्ण गुण देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी शंकूच पाहू. त्याला स्पिनर म्हणतात व तो पंख्याबरोबरच फिरतो. पाती जिथे बसवलेली असतात तो मधला भाग सपाट ठेवला, तर हवा त्यावर आदळून भोवरे होतील. पात्यांच्या मुळाशी शिरणारी हवाच पुढे गाभ्यात जाऊन इंधन जाळण्याच्या कामी येते. तीच विस्कटली तर कसे चालेल? शंकू तिला अलगद बाजूला वळवून पात्यांकडे नेतो.

मग त्याचा आकार कोणता असावा? खरी गंमत इथेच आहे. टोकदार शंकूवर बर्फ कमी साचते. पण गोलसर नाकावर आपटलेली गार बाहेरच्या बाजूला उडते, गाभ्यात कमी जाते. २४ मे १९८८ रोजी एल साल्वाडोरच्या ‘टाका’ कंपनीचे बोइंग ७३७-३०० विमान अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सजवळ पावसात व गारपिटीत सापडले आणि त्याची दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते पूर थोपवणाऱ्या बांधालगतच्या गवतावर उतरवले. सर्व ४५ जण वाचले. नंतर त्या इंजिनात जे बदल झाले, त्यांत नाकाचा आकारही होता. (आणि आम्ही त्याला शोभेचा भाग समजतो!)

आता ती रेघ. ती मुख्यतः धावपट्टीबाहेर, विमानाभोवती काम करणाऱ्या माणसांसाठी. तिथे इतका गोंगाट असतो की कोणते इंजिन चालू आहे हे आवाजावरून कळणे कठीण, आणि चालू इंजिन माणसाला आत ओढू शकते. रेघ गरगरताना दिसली की दूर राहायचे. उड्डाणात पंखा इतका जोरात फिरतो की रेघ पुसटच होते. पक्षी तिला भितात यावर आमचा तरी विश्वास नाही.

विज्ञानशिक्षकांना विनंती की, टेबलफॅन बंद असताना त्याच्या मधल्या भागावर कागदी वेटोळे चिकटवावे, जाळी पुन्हा बसवावी आणि मंद व जलद वेगात काय दिसते ते मुलांना स्वतः लिहू द्यावे. विश्वस्तांनीही येत्या विज्ञान प्रदर्शनात बाजारातून आणलेल्या विमानांच्या प्रतिकृतींशेजारी या पंख्यासाठी एक टेबल राखून ठेवावे.