मुलीचं लग्न आणि आईचे डावपेच : वर्गात कसं शिकवाल?



आपल्याकडे आई म्हटलं की 'श्यामची आई' आठवते. साने गुरुजी इथं जवळच, अमळनेरला शिक्षक होते. त्यामुळे आम्हा धुळेकरांना ती जास्तच जवळची. म्हणून मुलीच्या लग्नासाठी डाव टाकणारी आई पुस्तकात भेटली की मुलं गोंधळतात.

जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) मधली मिसेस बेनेट घ्या. पावसाची चिन्हं दिसत असताना ती थोरल्या जेनला बग्गी न देता घोड्यावर पाठवते. का? तर पावसामुळे मुलीला श्रीमंत तरुणाच्या घरी मुक्काम करावा लागावा! जेन भिजून आजारी पडते, आई मात्र खूश. मुलं हसतात. मग मी विचारते, "ती असं का वागते?" उत्तर कादंबरीतच आहे. पाच मुली, मुलगा नाही. वडिलांमागे इस्टेट दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार.

आता आपलं देवलांचं 'संगीत शारदा' (१८९९). इथं डाव बापाचा. कांचनभट पैशासाठी शारदेला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. (१९२९ चा 'शारदा कायदा' मात्र या नाटकावरून नव्हे, हरबिलास सारडांच्या नावावरून ओळखला जातो. ही चूक वर्गात हमखास होते.)

बापाला लोभ, आईला भीती. दोघांना एकाच तराजूत तोलू नये. पण मुलीला खरं सांगून विचारत कुणीच नाही, आणि माझ्या मते धडा इथं आहे.

हे शिकवताना एकदा दहावीतली मुलगी तासानंतर थांबली. "मॅडम, मामाकडे जायचं सांगून आईनं साडी नेसवली. तिथं पाहुणे बसलेले!" मी आईला भेटले. बाई वाईट नव्हती. "आमचं काही बरंवाईट झालं तर पोरीकडे कोण पाहील?" एवढंच म्हणत होती. मी म्हटलं, "ताई, काळजी खरी आहे. मग तीच पोरीला सांगा ना, फसवता कशाला? आणि अठरा वर्षांआधी लग्न कायद्यातही बसत नाही." दोन-तीनदा जावं लागलं. यंदा ती मुलगी बारावीला आहे.

म्हणून शिक्षकांनो, "आई चांगली की वाईट?" एवढ्यावर तास संपवू नका. "तिला कशाची भीती होती, आणि त्या भीतीची किंमत कुणी मोजली?" हे विचारा. आणि पालकहो, हाच प्रश्न एकदा घरीही विचारून बघा.