श्रुतलेखन हवेच! सैन्याच्या रेडिओचा धडा

"मोबाईलच्या जमान्यात श्रुतलेखन कशाला?" असं पालक हमखास विचारतात. माझं उत्तर जरा लांबचं आहे, थेट अमेरिकेच्या हवाई दलातलं.

जगभरातल्या आपल्या विमानांशी बोलण्यासाठी हे हवाई दल आजही लघुलहरींचे रेडिओ जाळे चालवते. पृथ्वी तर गोल, मग आवाज क्षितिजापलीकडे जातो कसा? 3 ते 30 मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या लहरी आयनांबरातून पुन्हा जमिनीकडे वळतात आणि हजारो किलोमीटरवर पोहोचतात. आयनांबर दिवसा वेगळे, रात्री वेगळे. म्हणून फ्रिक्वेन्सीही बदलावी लागते. उपग्रह बंद पडला तरी हा मार्ग उरतो.

आता गंमत पाहा. 8992 आणि 11175 किलोहर्ट्झवर सांकेतिक अक्षरे आणि अंक चक्क मोठ्याने वाचले जातात. 'बी' आणि 'डी' ऐकायला सारखे, म्हणून आपल्या 'ब बदकाचा'सारखे 'ब्राव्हो', 'डेल्टा' म्हणायचे. खरखरीत काही हरवू नये म्हणून संदेश पुन्हा वाचायचा. ऐकणाऱ्याने तो जसाच्या तसा लिहून घ्यायचा. हे श्रुतलेखनच नाही का?

म्हणून मला वाटतं, आठवड्यातून दोनदा तरी श्रुतलेखन घ्याच. आपण स्पष्ट वाचावे, मुलांनी कान देऊन ऐकावे आणि नीट ऐकू आलं नाही तर बिनधास्त पुन्हा विचारावे. त्यासाठी रागावू नका. मुलं सैन्यात जावोत न जावोत, उद्या फोनवरून आजीच्या औषधाचं नाव लिहून घेताना एक अक्षरही चुकून चालणार नाही.