चुलीची सूट ऊसबिलातूनच हवी

अमेरिकेत २०२३ ते २०२५ ही तीन वर्षे कमी लाकूड खाणारी, घर उबदार ठेवणारी शेगडी घेणाऱ्यास खर्चाच्या ३० टक्के, कमाल २,००० डॉलर, प्राप्तिकरात सूट होती. आपल्याकडेही तसे व्हावे, असे कोणी म्हणेल. पण शेतीच्या उत्पन्नाला इथे प्राप्तिकरच नाही. मग सूट वजा करायची कशातून?

अनुदानाचाही अनुभव आहे. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम १९८३ साली निघाला, २००२ साली आटोपला. चुली बसल्या, पण नळीत काजळी साचली, चूल भेगाळली, की दुरुस्तीला माणूस मिळेना. २०१६ पासून उज्ज्वलाचा गॅस आला खरा. तरी सातारा-सांगलीकडे आंघोळीचे पाणी अन् भाकरी अनेक घरांत अजून चुलीवरच.

आमचे म्हणणे एवढेच, की कारखान्याने सुधारित चुलीसाठी बिनव्याजी उचल द्यावी, ती ऊसबिलातून दोन हप्त्यांत कापावी आणि प्रत्येक गटात चुलीची दुरुस्ती जाणणारी एक बाई तयार करावी. खताची कपात आपण मुकाट्याने देतो. मग घरच्या लक्ष्मीच्या डोळ्यांसाठी का नको? येत्या वार्षिक सभेत हा विषय सभासदांनीच मांडावा.